गळती, पॅकिंग आणि पाना : सोलापूर परिसराच्या संदर्भात घरगुती मोटारदुरुस्तीचा इतिहास (१९५४ ते २०२३)

१. प्रस्तावना

भारतातील मोटारगाडीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. कोणता कारखाना कोणत्या वर्षी निघाला, कोणत्या परदेशी कंपनीशी करार झाला, सरकारचे धोरण काय होते, या प्रश्नांचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी पुढे पंचवीस-तीस वर्षे कोणी चालती ठेवली, कोणत्या ज्ञानाच्या बळावर ठेवली आणि त्या प्रयत्नात कोणते धोके पत्करले, हे प्रश्न दुय्यम मानले गेले. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास हा केवळ नव्या शोधांचा नसून वापराचा व देखभालीचाही असला पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एका अत्यंत सामान्य बिघाडाचा, म्हणजे इंजिनातील तेल, पाणी आणि पेट्रोल यांच्या गळतीचा विचार केला आहे.

गळती हा विषय निवडण्यास कारण आहे. इंजिन उघडून बोअर करणे किंवा गिअरबॉक्स उतरविणे ही कामे नेहमीच गॅरेजमधील मिस्त्रीकडे राहिली. गळती मात्र घराच्या अंगणात, गाडीखाली पडलेल्या डागाच्या रूपाने मालकाच्या दृष्टीस पडते आणि हातात पाना घेण्यास त्याला प्रवृत्त करते. म्हणूनच घरगुती मोटारदुरुस्तीचा इतिहास मुख्यतः गळतीच्या दुरुस्तीचा इतिहास आहे. टंचाईच्या काळाने या क्षेत्रात जे कौशल्य घडविले, त्याच टंचाईने त्यातील अपघातही घडविले, हे या लेखाचे प्रतिपाद्य सूत्र होय.

अशा विषयात कागदोपत्री पुरावा विरळ असणे स्वाभाविक आहे. तथापि पुरातत्त्वज्ञ ज्याप्रमाणे भांड्याच्या घडणीवरून त्याच्या वापराचे अनुमान करतो, त्याप्रमाणे यंत्राची रचना हीदेखील इतिहासाचे साधन ठरू शकते. जुन्या इंजिनावरील वाकलेली कड, आटे गेलेला बोल्ट आणि एकावर एक चढलेले लेपाचे थर हे सर्व मागील दुरुस्त्यांची नोंदच असतात.

२. सोलापूर, वालचंद आणि टंचाईचे युग

या विषयाचा सोलापूरशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. भारतीय मोटारउद्योगाचे एक प्रवर्तक शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास मोटार कारखान्याची योजना मांडली होती. त्या कल्पनेचा पाठपुरावा करून वालचंदांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. महायुद्धाच्या काळात परकीय सरकारकडून अपेक्षित साहाय्य मिळाले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये वालचंदांचे निधन झाले.

त्याच सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार, देशात सुटे भाग तयार करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच या व्यवसायात ठेवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी १९५४ च्या सुमारास येथील काम आटोपते घेतले. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य करून १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी आणली. हीच गाडी १९६४ पासून 'डिलाइट' आणि १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावांनी रस्त्यावर आली. तिचे १,०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन मूलतः त्याच घडणीचे राहिले. एकच यंत्र चार दशकांहून अधिक काळ लोकांच्या हाती राहिल्यामुळे त्याविषयीचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकले, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

परवाना-नियंत्रणाच्या त्या काळात नवी गाडी मिळण्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आयातीवर कडक निर्बंध होते. साहजिकच हाती असलेली गाडी टिकविणे ही निवड नव्हती, अपरिहार्यता होती. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीची दुरुस्ती तेथील शेतकरी स्वतः करीत. त्यांचे कारण गॅरेजपासूनचे अंतर हे होते. आपल्याकडे अंतराच्या जोडीला टंचाईही होती, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद.

३. स्थानिक परिस्थिती : ऊन, पाणी आणि रस्ता

गळतीचे स्वरूप हवामानानुसार बदलते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा हवेत रेडिएटरमधील पाण्याची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते, रबरी होस पाइप कडक होऊन तडकतात आणि टॅपेट कव्हरखालचे कॉर्कचे पॅकिंग आक्रसते. इटलीत आखलेल्या इंजिनाला सोलापूरचा उन्हाळा हा दरवर्षीचा कसोटीचा काळ होता, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दुसरा घटक पाण्याचा. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड असते. कूलंटचा वापर रूढ होण्यापूर्वी रेडिएटरमध्ये हेच पाणी भरले जाई. त्यातील क्षारांचा थर नळ्यांच्या आतील बाजूस साचतो. त्यामुळे उष्णतेचे वहन मंदावते, इंजिन तापते, दाब वाढतो आणि मग सर्वांत कमकुवत सांध्यातून पाणी बाहेर पडते. म्हणजे होस पाइप फुटला असे जे वरकरणी दिसते, त्याचे मूळ अनेकदा घरच्या पाण्याच्या हंड्यात असे.

तिसरा घटक प्रवासाचा. सोलापूरकरांचा गाडीने होणारा कौटुंबिक प्रवास बहुतांशी अक्कलकोट, पंढरपूर आणि तुळजापूर या तीर्थक्षेत्रांकडे होई. तुळजापूरचा रस्ता बालाघाटच्या डोंगररांगेचा घाट चढतो. भरलेली गाडी, दुपारचे ऊन आणि घाटाचा चढ हे तिन्ही एकत्र आले की महिनाभर थेंब थेंब ठिबकणारा वॉटर पंप नेमका तेथे उघडा पडे. अंगणात क्षुल्लक भासणारी गळती आणि रस्त्यावरील संकट यांच्यामधील अंतर असे फार थोडे होते.

४. डागाचे वाचन

घरगुती दुरुस्तीतील पहिले कौशल्य पान्याचे नसून निरीक्षणाचे होते. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि सकाळी डागाची जागा, रंग, वास व चिकटपणा पाहावा, ही साधी पद्धत आजही तितकीच शास्त्रीय आहे. काळपट व चिकट डाग इंजिन ऑइलचा. दाट व उग्र वासाचा डाग गिअर ऑइलचा. हिरवट, किंचित गोडसर वासाचा डाग कूलंटचा. चाकाच्या आतील बाजूस उतरणारा पातळ ओघळ ब्रेक ऑइलचा, आणि तो दिसल्यास गाडी जागेवरून हलवू नये. पेट्रोलचा डाग उडून जातो. मागे राहतो तो वास.

तथापि डाग जेथे पडतो, तेथेच गळती असते असे नाही. तेल वरच्या सांध्यातून निघून इंजिनाच्या अंगावरून ओघळत सर्वांत खालच्या बिंदूशी ठिबकते. चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे टॅपेट कव्हरची गळती खालच्या ऑइल चेंबरची वाटते आणि निष्कारण चेंबर उतरविला जातो. म्हणून जाणकार माणूस प्रथम इंजिन पुसून स्वच्छ करी, थोडा वेळ चालवी आणि ओल सर्वांत वर कोठे उमटते ते पाही.

काही गळत्या बाहेर दिसतच नाहीत. हेड पॅकिंग फुटून पाणी तेलात मिसळले, तर डिपस्टिकवरील तेल ताकासारखे पांढुरके दिसते. यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला, तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते. अशा वेळी डिपस्टिकवर तेलाची पातळी चक्क वाढलेली दिसते. तेल कमी होत नाही म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि पातळ झालेल्या तेलामुळे बेअरिंग झिजतात. पातळी वाढणे हेही गळतीचे लक्षण असू शकते, हे ज्ञान पुस्तकापेक्षा अनुभवातून आलेले होते.

५. घरगुती उपाय आणि त्यांची मर्यादा

रेडिएटरला बारीक छिद्र पडल्यास त्यात हळदीची पूड टाकणे, पेट्रोलच्या टाकीतून पाझर होत असल्यास त्यावर धुण्याच्या साबणाची वडी घासून भरणे, पॅकिंगला शेलॅक म्हणजे लाखेचा द्राव लावणे, फुटलेल्या होस पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळणे, हे उपाय महाराष्ट्रात, किंबहुना देशभर रूढ होते. यांना अडाणीपणा म्हणून हिणविणे योग्य नाही, कारण प्रत्येकामागे सबळ कारण आहे. हळदीचे न विरघळणारे कण पाण्याच्या ओघाबरोबर छिद्राशी जाऊन तेथे अडकतात. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. लाख मद्यार्कात विरघळते, परंतु खनिज तेलाला दाद देत नाही. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील पदार्थांच्या गुणधर्मांचे हे ज्ञान यंत्राला लागू करण्यात आले होते.

पॅकिंग घरी कापणे हे यांतील सर्वांत सफाईचे काम. जाड कागद सांध्याच्या कडेवर धरून, गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोकत कडेचा ठसा उमटवावा आणि त्या रेषेवर कापावे, ही रीत गॅरेजमधून घरात आली. पृष्ठभाग कोरडा व स्वच्छ असणे, बोल्ट समोरासमोर आळीपाळीने थोडे थोडे आवळणे आणि हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने घट्ट करणे, हे नियमही या परंपरेचा भाग होते.

परंतु या उपायांची मर्यादा त्यांच्या हेतूतच होती. ते घाट उतरून घरी पोहोचण्यासाठी होते. टंचाईच्या काळात नवा भाग मिळेपर्यंत ते आठवडेच्या आठवडे चालविले जात आणि तात्पुरता उपाय कायमचा होई. छिद्र बुजविणारी हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजविते. त्यामुळे पुढील उन्हाळ्यात तीच गाडी अधिक तापते. जास्तीचा लेप सांध्यातून आत शिरून सुटतो आणि चेंबरमधील तेलाच्या जाळीत अडकून इंजिनाचा तेलपुरवठाच रोखू शकतो. येथे एका उपायाने पुढील बिघाडाची बीजे पेरली.

याहून मूलभूत अडचण समजुतीची होती. गळती म्हणजे छिद्र आणि दुरुस्ती म्हणजे बूच, असे मानले की कारणाचा शोध थांबतो. पिस्टनच्या रिंग झिजल्या असतील, तर ज्वलनाचा वायू खालच्या भागात शिरतो. वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काजळीने चोंदली असेल, तर तो दाब कोंडला जातो. मग तो तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला कितीही नवी ऑइल सील बसविली, तरी तेल झिरपतच राहते. दोष सीलचा नसतो. ब्रीदर साफ करणे हे पाच मिनिटांचे बिनखर्चाचे काम न केल्यामुळे सील, पॅकिंग आणि श्रम यांचा अपव्यय होई.

६. अपघातांचे स्वरूप

घरगुती दुरुस्तीतील अपघातांची विभागणी यंत्राचे अपघात व माणसांचे अपघात अशी करता येईल. पहिल्या वर्गात अति आवळण्याचा क्रमांक वरचा. पॅकिंग गळते म्हणून बोल्ट आणखी आवळला जातो. त्यामुळे पत्र्याच्या चेंबरची कड वाकते, कॉर्क चिरडते आणि गळती वाढते. तेल काढण्याच्या तळाच्या बोल्टाचे आटे जाणे हा त्याच प्रवृत्तीचा परिणाम. त्याखालचा तांब्याचा वायसर बदलण्याऐवजी हाताचा जोर वाढविला जाई. नियत बलाने आवळणारा टॉर्क पाना सर्वसामान्य घरात नव्हता. त्याची जागा मनगटाच्या अंदाजाने घेतली होती आणि तो अंदाज शिकविण्यासाठी शेजारी बसलेला जाणता माणूस लागे.

तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे हा दुसरा घातक प्रमाद. तापून फुगलेला धातू अकस्मात आक्रसतो आणि हेड वाकते किंवा ब्लॉकला तडा जातो. दोन रुपयांच्या क्लिपची गळती अशा रीतीने संपूर्ण इंजिनावर बेतू शकते. तिसरा प्रमाद ब्रेकच्या बाबतीतला. ब्रेक ऑइल नावाने तेल असले, तरी ते खनिज तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल मिसळल्यास रबरी वॉशर फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. नामसादृश्याने घडणारा हा अपघात भाषेच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

माणसांच्या अपघातांत तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्याने हात व चेहरा भाजणे हा सर्वपरिचित प्रकार. झाकण दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. झाकण उघडताच दाब जातो व पाणी उसळून बाहेर येते. रबरी नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे हा असाच रूढ व तितकाच घातक प्रकार होय, कारण घशाऐवजी फुफ्फुसात गेलेले थोडे पेट्रोलही गंभीर इजा करते. ऑइल चेंबर पाहण्यासाठी गाडीखाली शिरताना काळ्या मातीत जॅक रुततो आणि आधाराला ठेवलेली वीट कसलीही सूचना न देता फुटते. जुन्या हेड पॅकिंगमधील ॲस्बेस्टॉस कोरडे खरवडल्याने उडणारी धूळ तर दिसतही नाही. तिचे परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होतात.

या अपघातांकडे केवळ निष्काळजीपणाची उदाहरणे म्हणून पाहणे पुरेसे नाही. जॅक स्टँड, टॉर्क पाना, योग्य पॅकिंग आणि छापील मराठी मार्गदर्शन या चारही गोष्टी दुर्मिळ असताना घरच्या माणसाने इंजिनाखाली शिरावे, अशी परिस्थिती धोरणाने निर्माण केली होती. तिची किंमत कोणाच्या हिशेबवहीत नोंदली गेली नाही.

७. कारागिरांची परिभाषा

सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू यांच्या संगमावरील शहर आहे. अशा शहरात इंजिनाची परिभाषा कोणत्याही एका भाषेच्या शब्दकोशातून येणे शक्य नव्हते. इंग्रजी गॅस्केटचे 'पॅकिंग' झाले, संपचे 'चेंबर' झाले, वॉशरचे 'वायसर' झाले. शासकीय परिभाषाकोशांतील संस्कृतप्रचुर प्रतिशब्द गॅरेजपर्यंत पोहोचले नाहीत. उलट 'आटे जाणे', 'तेल ओढणे', 'इंजिन धरणे' असे अर्थवाही मराठी प्रयोग तेथेच रुळले. 'इंजिन धरले' या दोन शब्दांत तेलाअभावी पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकल्याची संपूर्ण घटना सामावलेली आहे. तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची चर्चा आपण वारंवार करतो. त्या चर्चेत या जिवंत परिभाषेचा विचार अभावानेच होतो.

८. परंपरेचा ऱ्हास

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि टंचाईचे युग ओसरू लागले. सुटे भाग सुलभ झाले, आडव्या बसविलेल्या इंजिनामुळे हात घालण्याची जागा आक्रसली. सन २००० पासून प्रदूषणाचे कडक निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले. कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा आला आणि बिघाड ओळखण्याचे काम डोळ्यांकडून संगणकाकडे गेले. पद्मिनीचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. आधुनिक रबरी सील व धातूच्या थरांची पॅकिंग अधिक टिकतात, ॲस्बेस्टॉसचा संपर्क घटला, अंगणातले अपघात कमी झाले. वापरलेले तेल गटारात ओतण्याची किंवा वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासण्याची जी रीत होती, ती माती व पाणी यांना अपायकारक होती. १९८९ च्या घातक कचराविषयक नियमांपासून अशा तेलाची गणना घातक कचऱ्यात होते.

विशेष म्हणजे याच काळात सोलापूर इंजिनाच्या जगात नव्याने आले. १९९२ मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कॅमशाफ्ट देशी-विदेशी मोटारकंपन्यांच्या इंजिनांत बसू लागले. मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशापर्यंत अचूक भाग बनविणारे हे शहर, त्याच इंजिनांना हाताच्या अंदाजाने सांभाळणारी पिढी मात्र विस्मरणात ढकलीत आहे. पहिल्या घटनेची नोंद कंपनीच्या अहवालात राहील. दुसरीची नोंद ठेवणारे कोणी नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, घरगुती मोटारदुरुस्ती ही हौस नसून परवाना-नियंत्रणाच्या अर्थव्यवस्थेची निष्पत्ती होती. दुसरा, तिच्यातील उपाय पदार्थांच्या गुणधर्मांच्या अचूक निरीक्षणावर उभे होते. परंतु सुटे भाग व साधने यांच्या अभावी तात्पुरते उपाय कायम झाले आणि त्यांतून नवे बिघाड व अपघात उद्भवले. म्हणून 'जुगाड' या नावाने त्यांचा सरसकट गौरव करणे जितके अनैतिहासिक, तितकीच त्यांची उपेक्षाही अनैतिहासिक आहे. तिसरा, या परंपरेचा खरा वारसा हळद किंवा साबण हा नसून, पुसून पाहणे, वरून खाली शोध घेणे आणि बूच मारण्यापूर्वी दाब कोठून आला हे विचारणे, ही चिकित्सक पद्धती आहे.

सोलापुरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून एक निकडीचे कर्तव्य निष्पन्न होते. ज्या मिस्त्रींनी व मालकांनी ही इंजिने हाताळली, त्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे. इतिहास, मराठी आणि अभियांत्रिकी या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या मुलाखती, त्यांची परिभाषा आणि त्यांची अवजारे यांचे संकलन करणे सहज शक्य आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाच्या आवाक्यातील हे काम दहा वर्षांनी कोणत्याही अनुदानातून साध्य होणार नाही. वालचंदांच्या जन्मगावाने मोटार घडविणाऱ्याचे स्मरण जपले आहे. ती चालती ठेवणाऱ्यांचे स्मरण जपल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होत नाही.